680 ग्रॅमचा तंबू आणि दोन विटा

आमच्या धुळ्याच्या घराच्या गच्चीवर लाल रंगाचे दोन चौकोन आहेत, एकात एक. आतला 220 सेंटिमीटरचा, बाहेरचा 270चा. जिन्याच्या ग्रिलला मारून उरलेल्या रेड ऑक्साइडने मी ते आखले. खडू घ्यायला हवा होता हे आता बायको रोज सांगते. कुणी पाहुणा वर आला की विचारतो, इथे कसली शांत केली का?

शांत नाही. तंबू घ्यायचा होता.

माझा जुना तंबू घुमटाचा, दोन माणसांचा, 3.1 किलोचा. तरुणपणी धनत्रयोदशीला सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रेला गेलो तेव्हा अंगावरची चादर हाच तंबू होता. हजारो माणसं तशीच उघड्यावर निजतात, मीही निजलो. आता वय 46, उजवा गुडघा उतरताना बोलतो, आणि चादरीवर झोपलं की सकाळी कंबर उठत नाही. तरी तीन किलो ओढत होतो. मागच्या हिवाळ्यात या तंबूची फायबरची एक काठी उभी चिरली. तिची कुसळं बोटांत गेली ती दोन दिवस निघत होती. माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, त्यामुळे 16 एमएमच्या लॅटरलचा, म्हणजे ठिबकच्या नळीचा, तुकडा चढवून, वर टेप गुंडाळून वेळ मारून नेली. पण मन उडालं.

मे महिन्यात दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं. बाहेर 44 अंश, शटर अर्धं खाली, कूलरसमोर मी आणि मोबाइल. तेव्हा टीपी तंबूचं वाचायला लागलो. मधोमध एक खांब आणि त्याभोवती ताणलेलं कापड, बस्स. खांबही वेगळा न्यायचा नाही. दिवसभर हातात असलेली ट्रेकिंगची काठीच रात्री खांब होते. इथे मी विरघळलो. जी वस्तू पाठीवर न्यावीच लागत नाही तिच्याइतकी हलकी दुसरी कुठली?

टीपी हा शब्द लाकोटा भाषेतला, उत्तर अमेरिकेच्या मैदानी मुलखातल्या लोकांचा. त्यांच्या टीपीला डझनभराहून जास्त लांब वासे, वरून रानरेड्याचं कातडं, पुढे कॅनव्हास, आणि शेंड्याजवळ धूर सोडायला दोन कान, वारा फिरेल तसे फिरवता येणारे. 1856 मध्ये हेन्री सिबली नावाच्या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याने ते बघून एकखांबी शंकूच्या तंबूचं पेटंट घेतलं. आज टीपी म्हणून जे विकलं जातं ते त्या अस्सल टीपीपेक्षा सिबलीच्या तंबूच्या जवळचं. आणि मी शेवटी घेतला तो तर चौकोनी, म्हणजे सरळसरळ पिरॅमिड. पण विकणारे सगळ्यांना टीपीच म्हणतात, तर मीही म्हणतो. नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मोबाइलवर फोटो बघून एका शब्दात निकाल दिला: “पाल.” ते काही चुकीचं नाही.

वाचता वाचता एक गोष्ट खटकायला लागली. लिहिणारे सगळे बर्फातले. तंबूच्या छताला चुलीच्या धुराड्यासाठी भोक, त्याभोवती न जळणारं कापड, आत पत्र्याची घडीची शेगडी. फोटो बघून जीव हरखतो हे कबूल करतो. एक तर मी खरेदीच्या पानापर्यंत नेऊन ठेवला होता, आठ बाजूंचा, अडीच मीटर उंच, धुराड्याच्या भोकासकट. मग कूलर बंद पडला. लाइट गेली होती. घामाने निथळत मी त्या शेगडीच्या फोटोकडे बघत बसलो आणि माझं मलाच हसू आलं.

दुसरी गोष्ट खालच्या जमिनीची. हे तंबू मुळात बिनतळाचे असतात. वरचं कापड तेवढं. खाली एक प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि झोपायचं. वजन वाचतं ते तिथेच. थंड मुलखात ते चालत असेल. आपल्याकडे रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात मण्यार शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा कळतही नाही, इतका कमी दुखतो. शेतात विंचू आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडधोंड्यांत फुरसं आहे. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक शेतकरी मला एक तरी सापाची गोष्ट सांगू शकतो. म्हणून मी ठरवलं: बाहेरचं कापड कितीही हलकं असो, आत बारीक जाळीची खोली हवी, तिला चारी बाजूंनी वीतभर चढवलेला तळ हवा आणि चेन शेवटपर्यंत लागणारी हवी. त्या जाळीचं वजन तंबूच्याच वजनात धरायचं. जाहिरातीत ते वेगळं लिहितात आणि आपण मोठ्या अक्षरातला आकडा बघून खूश होतो.

कापडाच्या बाबतीत मात्र माझा धंदा कामी आला. तीन प्रकार समोर होते. सिलिकॉन चढवलेलं नायलॉन, सिलिकॉन चढवलेलं पॉलिएस्टर आणि डायनिमा. डायनिमा सगळ्यांत हलकं, ओलं झालं तरी तसूभर ताणत नाही, पण किंमत ऐकून मी पान मिटलं. नायलॉन चिवट, पण ओलं झालं की सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री ओल्या धोतरासारखा लोंबतो, मग उठून दोऱ्या आवळा. पॉलिएस्टर फाटायला थोडं हलकं, पण पाण्याने फारसं ताणत नाही आणि उन्हाला नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. ऊन कापडाचं आणि प्लास्टिकचं काय करतं ते मला कुणी सांगायला नको. लॅटरल काळीच का असते, तर त्यात कार्बन ब्लॅक असतं म्हणून. ते नसलेली नळी आमच्या उन्हात किती लवकर कडकडून मोडते ते शेतकरी मला आणून दाखवतात. खानदेशात तंबू पावसाने जाण्याआधी उन्हाने जाईल. पॉलिएस्टर ठरलं.

वॉटरप्रूफ किती, तर 2000 मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. मित्र लोक या आकड्याने दबतात. आमच्या भाषेत तो 2 मीटरचा हेड. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ कापडावर उभा केला तरी थेंब आत येणार नाही, एवढाच अर्थ. ठिबकचा ड्रिपर नीट चालायला साधारण 10 मीटर हेड लागतो, म्हणजे याच्या पाचपट. तेव्हा तो आकडा काही फार थोर नाही, पण वरून पडणाऱ्या पावसाला पुरतो. पाणी येतं ते कापडातून नाही, शिलाईच्या भोकांतून. त्याकडे पुढे येतो.

आता ते चौकोन. तिरप्या भिंतींच्या तंबूत जमिनीवरची लांबी फसवी असते. मी 175 सेंटिमीटर उंच. 220चा तळ म्हटल्यावर वाटतं, भरपूर झालं. पण माणूस जमिनीला चिकटून झोपत नाही. खाली गादी, वर स्लीपिंग बॅग, त्यात उभे राहिलेले पायाचे अंगठे; म्हणजे जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर किती जागा उरते ते बघायचं. खांब 130चा असेल तर त्या उंचीवर 220चे उरतात 169. कागदावर हे गणित मांडलं, पण विश्वास बसेना. म्हणून गच्चीवर वाळूने भरलेल्या बादलीत बांबू रोवला, 130वर खूण करून तिथून चार कोपऱ्यांना सुतळ्या ताणल्या, कोपऱ्यांवर कुंड्या ठेवल्या आणि मध्ये सतरंजी टाकून आडवा झालो. बायको कपडे काढायला आली होती.

“अहो, पाय सुतळीच्या बाहेर आलेत.”

डोकं वर सरकवलं.

“आता डोकं आलं.”

प्रश्न मिटला. टेकलेल्या कापडाचं दव स्लीपिंग बॅगेत उतरतं, आणि ओल्या बॅगेत थंडीची रात्र काढायची नव्हती. मग 270चा चौकोन आखला, बांबूवर 150ला खूण केली. 30वर उरले 216. डोक्याशी वीतभर, पायाशी वीतभर. खांब मध्ये येतो, त्यामुळे अर्ध्या भागात जाळीची खोली आणि उरलेल्या अर्ध्यात पिशवी, बूट, पाऊस असेल तर स्वयंपाक. मी तिथेच अर्धा तास पडून राहिलो. नाना वर आले, बघितलं, काही न बोलता खाली गेले.

मागवलेला तंबू ऑगस्टमध्ये आला. 17 हजार गेले, नाव सांगत नाही. बाहेरच्या कापडाचं वजन 680 ग्रॅम लिहिलेलं होतं. खिळे-स्क्रू तोलायच्या काट्यावर टाकलं, 725 भरलं. दोऱ्यांचं वजन धरलं नव्हतं म्हणे. दोऱ्यांशिवाय तो तंबू नाही, दुपट्टा आहे. आणि सोबतच्या कागदावर तळाला बारीक अक्षरांत: खांब 150 सेंटिमीटर लागेल, काठी आखूड असल्यास दोन काठ्या एकत्र बांधाव्यात. माझी काठी 135ला थांबते आणि माझ्याकडे काठी एकच आहे. गच्चीवर बांबू होता, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक माझी, पण राग कागदावर काढला.

शिलाई बंद करायचं काम मला आवडलं. सिलिकॉनच्या कापडावर टेप चिकटत नाही, फक्त सिलिकॉनच चिकटतं. बाहेरच्या देशांतले लोक त्यासाठी छोटी ट्यूब महागात घेतात. काचवाले फिशटँक जोडायला वापरतात ते पारदर्शक सिलिकॉन हेच. त्याची नळी आणि रंगाच्या दुकानातून मिनरल टर्पेंटाइन आणलं. जुन्या लोणच्याच्या बरणीत थोडं थोडं ढवळत पातळ केलं, पातळ मधासारखं होईपर्यंत. आंबूस वास येतो, नाकात झिणझिण्या येतील असा, म्हणून गच्चीवरच. सप्टेंबरचं ऊन उतरल्यावर तंबू उभा केला, अर्ध्या इंची ब्रशने बाहेरून प्रत्येक शिलाईवर हात फिरवला. ब्रश जाताना भोकं दिसत नाहीत. दोरा जरा चमकतो, तेवढीच खूण. शेंड्याला, जिथे चारही शिलाया भेटतात, तिथे दोनदा. दुसऱ्या दिवशी सुकलं, पण बोटाला ओढ लागत होती; घडी चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर चोळली. तंबूला अजून बाळाचा वास येतो. वजन 40 ग्रॅमने वाढलं.

पहिली रात्र डिसेंबरात, शिरपूरजवळ मित्राच्या शेतात. निमित्त भरिताचं. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत म्हणजे पाऊणशे माणूससुद्धा जमतं. आम्ही नऊच होतो. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जात होती, त्या पेटतात पण फटाफट आणि ठिणग्या उडवतात. मी शहाणपणाने तंबू वीस पावलं लांब लावला, पण वाऱ्याच्या खालच्या अंगाला. एक ठिणगी तरंगत गेली. मोहरीएवढं भोक, कडा वितळून काळी झालेली. मी धावलो तोवर ती विझलीही होती. कळण्याची भाकरी हातात तशीच.

जागा मला तशी दोनदा चुकली. कपाशी उपटलेलं रान, वरचा पापुद्रा कोरडा, आतली काळी माती अजून ओल धरून. खुंट्या लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. मी खूश. काळी माती जशी घेते तशीच सोडते, हे खानदेशात जन्मून मी विसरलो. शेजारी गव्हाला पाणी दिलेलं होतं, म्हणजे रात्रभर दव. आणि 15 सेंटिमीटर कमी पडणाऱ्या काठीखाली मी विहिरीजवळच्या दोन विटा ठेवल्या. बरोब्बर 15. फार हुशारी वाटली.

मित्राच्या मायने तंबूभोवती एक फेरी मारली. “हाई काय शे रे भो? तुले घर नई शे का?” मी काठी, कापड, जाळी सगळं समजावून सांगितलं. तिने वाकून विटा बघितल्या. “रातले वारा सुटी ना, तवय समजी.”

दोनच्या सुमाराला समजलं. आधी एक खुंटी सुटली, फट्ट करून. मग कापड फडफडायला लागलं, एका कडेने ताण गेला, काठी विटेवरून सरकली आणि अख्खा तंबू माझ्यावर बसला. तोंडावर जाळी, जाळीवर गार ओलं कापड. आतून साठलेलं दव एकदम अंगावर. चेन सापडेना. अंधारात मी आतून हातपाय मारत होतो आणि बाहेर शेकोटीशी जागे असलेले दोघं हसून लोळत होते. उरलेली रात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काढली, कडबा होता, ऊब चांगली आली.

दुकान उघडल्यावर पहिलं काम: 25 एमएमचा पीव्हीसी पाइप, वीतभराचा तुकडा, खाली एंडकॅप, आत काठीचं टोक बरोबर 15 सेंटिमीटर वर थांबेल असं लाकडी बूच. काठी त्यात उभी राहते, सरकत नाही, आणि एंडकॅप चपटी असल्यामुळे मऊ मातीत रुतत नाही. 45 ग्रॅम. सोबत आलेल्या सुईसारख्या खुंट्या काढून टाकल्या. वाय आकाराच्या लांब 10 घेतल्या, 150 ग्रॅम. भोकाला तंबूच्याच पिशवीचं कापड कापून सिलिकॉनने डकवलं. मग पुन्हा काट्यावर: बाहेरचं कापड 765, जाळीची खोली 540, खुंट्या 150, पाइप 45, पिशवी 30. एकूण 1530. 680वर भुलून घेतलेला तंबू. तरी जुन्याच्या निम्मा, आणि हा आकडा माझ्या काट्यावरचा.

जानेवारीच्या शेवटी तोरणमाळ. शहाद्याहून काळापाणीपर्यंत गाडीने, पुढे घाट पायी. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. खाली स्वेटर काढून चढायला लागलेला माणूस वर पोचला की टोपी शोधतो. वनखात्याच्या जागेत परवानगीशिवाय तंबू लावता येत नाही, म्हणून ओळखीतल्या एका पावरा कुटुंबाच्या शेतात विचारून लावला. इथे अडचण उलटी. वीतभर मातीखाली काळा पाषाण. खुंटी दोन बोटं जाते आणि टण्ण वाजते. पण दगडांना तोटा नव्हता. दोरीचा फास लहान दगडाला आणि त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, मोठा धोंडा, म्हणजे लहान दगड ओढला की मोठ्याला अडतो. आठ ठिकाणी असं केलं, पाऊण तास गेला. यजमान दादा बांधावर बसून बघत होते. मध्ये उठले, दोन धोंडे स्वतः बदलले. त्यांचे जास्त बरोबर बसले.

रात्री वारा आला तो पश्चिमेकडून, सलग. मी काठी दोन टप्पे खाली घेतली. तंबू बसका झाला, कडा जमिनीला टेकल्या, फडफड थांबली. वारा पडल्यावर पहाटे पुन्हा वर केली, खालून बोटभर फट राहिली आणि शेंड्याच्या झरोक्यातून हवा खेळायला लागली. उन्हाळ्यात हीच फट हातभर करता येईल. सकाळी आतून कापडाला हात लावला, दमट होतं, थेंब नव्हते. गव्हाचं शेत शेजारी नव्हतं. टॉर्च मारून बूट झटकले. एकात फक्त एक नाकतोडा.

मग एक गोष्ट लक्षात आली जी मी कुठेही वाचली नव्हती, किंवा वाचून सोडून दिली होती. सीताखाईच्या दरीकडे फिरायला जायचं होतं. काठी तंबूत. काठी घ्यावी तर तंबू जमिनीवर. मी दाराशी उभा राहून उजव्या गुडघ्याकडे बघत होतो. दादांनी काही विचारलं नाही. घरामागे गेले, कोयत्याचे चार आवाज आले, आणि खांद्याला लागेल एवढा एक वाळका बांबू घेऊन आले, पेरं तासून गुळगुळीत केलेली. पैसे घेतले नाहीत. चहाची पुडी ठेवून घेतली.

घरी येऊन मोजला: 148. तंबू त्याच्यावर उभा राहतो, पाइपाशिवाय. वजन साडेतीनशे भरलं, पण ते हातात असतं, पाठीवर नाही, म्हणून हिशेबात धरत नाही. आता तो दुकानात कोपऱ्यात पीव्हीसीच्या पाइपांजवळ उभा असतो. परवा लॅटरल घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने तो उचलला, टेकवून बघितला, दोन पावलं चालला.

“हाऊ कितलाले?”